पाव तासाची घंटा

दुसऱ्यांच्या तोंडात दात बसवणाऱ्या बाईची स्वतःचीच दाढ चिरावी, याला काय म्हणायचं? दातांच्या डॉक्टरीणबाई आधी हसल्याच. मग तिचा चेहरा बघून गप्प झाल्या आणि आरसा पुढे धरून म्हणाल्या, "ही बघा चीर. कीड नाही, काही नाही. तुम्ही दिवसभर दातावर दात दाबून बसता. ठाऊक तरी आहे का तुम्हाला?"

ठाऊक नसायला काय झालं! एकोणीस वर्षं ती कवळ्या करत होती. दवाखान्यातून जबड्याचे साचे आणायचे, घरी टेबलाशी बसून गुलाबी मेणात एकेक दात उभा करायचा आणि कवळी तयार झाली की परत नेऊन द्यायची. गल्लीत तिला सगळे कवळीताई म्हणत. खरं नाव कागदांपुरतं उरलं होतं. कोणाची दाढ कशाने झिजली हे ती साचा हातात घेऊन सांगायची. फक्त आपल्या तोंडात बघायला तिला फुरसत नव्हती.

"ताण घेऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हे एक बरं असतं लोकांचं. ताण घेऊ नका! जसं काही कोणी ताटात वाढायला आलंय आणि आपण नको म्हटलं की झालं. कवळीताईने मान डोलावली, नवे साचे पिशवीत घातले आणि घराकडे निघाली; बाबांपाशी शेजारीण तासभरच बसणार होती. वाटेत एका सायकलवाल्याने घंटी वाजवली, तर तिचे पाय आपोआप भरभर पडायला लागले. चार पावलं गेल्यावर तिला कळलं की घंटी सायकलची होती.

घरातली घंटा तिनेच आणलेली. सात महिन्यांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली आणि तिच्याबरोबर वाचाही. ऐकू येत होतं, कळत सगळं होतं, पण बोलायला गेलं की "बा बा बा" यापलीकडे तोंडातून काही निघायचं नाही. डाव्या हातात पेन्सिल दिली तर कागदावर नुसत्या रेघोट्या. म्हणून तिने दुकानाच्या गल्ल्यावर असते तशी घंटा आणली, तळव्याने दाबली की टिंग वाजणारी, आणि पलंगाशेजारच्या स्टुलावर ठेवली. "वाजवत जा, बाबा. मी बाहेरच्याच खोलीत आहे." झालं. आपल्याच हाताने आपल्या पायावर धोंडा मारून घेतला.

टिंग झालं की ती हातातलं टाकून धावायची. "पाणी?" मान नाही. "बाथरूमला जायचंय?" नाही. "पाय दुखतो? उशी सारखी करू? खिडकी लावू?" नाही, नाही आणि नाही. म्हातारा तिच्याकडे एकदा वरपासून खालपर्यंत बघायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. म्हणजे, जा आता. कधीकधी डाव्या हाताचं एक बोट उभं करायचा, पलंगाच्या कठड्यावर एकदा आपटायचा आणि असा रोखून बघायचा की ती पुन्हा आठ वर्षांची व्हायची. लहानपणी पाढा चुकला की हेच बोट उभं राहायचं.

बरं, उशीर करायची सोय नाही. स्पिरीटच्या दिव्यावर सुरी तापलेली असायची, मेणातला सुळा जागेवर येत असायचा, ती मनात म्हणायची, आलेच हा एवढा बसवून. तेवढ्यात दुसऱ्यांदा. टिंग टिंग. अजून थांबावं तर टिंग टिंग टिंग. जमदग्नीचा अवतार! वाचा गेली, पण तोरा काही गेला नाही.

एके दिवशी तिने घड्याळच समोर ठेवलं. पाव तास. बरोबर दर पाव तासाला. झोप आणि जेवण सोडलं तर सकाळपासून दिवेलागणीपर्यंत एक पाव तास चुकला नाही. आता तुम्हीच सांगा, माणसाला खरंच काही लागत असेल तर ते असं घड्याळाच्या काट्यावर लागतं का? म्हणजे हा छळ होता, आणि तोही शिस्तीत. त्या दिवसापासून घंटा वाजायच्या दोन मिनिटं आधीच तिचे दात एकमेकांवर घट्ट बसायला लागले. छातीत धडधड, मान आखडलेली, हात घामेजलेले. वाजली की धडधड, नाही वाजली तर आता वाजेल म्हणून धडधड. एका निवृत्त मास्तरांची कवळी तिच्या हातून तिरकी गेली. मास्तर दवाखान्यात येऊन म्हणाले, "मी हसलो की नातू रडतो." डॉक्टरीणबाईंनी सांभाळून घेतलं, पण कवळीताईला त्या रात्रीचं जेवण गेलं नाही.

बाबांशी तिचं फारसं कधी जमलंच नव्हतं. भांडणं नव्हती, ओळखच नव्हती. त्यांची सगळी नोकरी डोंगरावर गेलेली. वरच्या खाणीतला दगड लोखंडी डब्यांत भरून दोरावरून खाली कारखान्यात पाठवायचा, असा तो रोपवे. वरच्या ठाण्यावर एक माणूस, खालच्या ठाण्यावर एक. बाबा वरचे. आठवडाभर तिकडेच मुक्काम, घरी फक्त रविवारी, तेही झोपायला आणि पाढे विचारायला. कामाबद्दल घरात अवाक्षर नाही. आई होती तोवर आई मधे असायची. आता मधे फक्त ती घंटा होती.

तीन आठवड्यांपूर्वी कडेलोट झाला. दोन कवळ्या संध्याकाळपर्यंत द्यायच्या होत्या. कवळीताईने दार ओढून घेतलं आणि चक्क कानात कापूस घातला. तरी ऐकू आलंच. एकदा वाजली. मग दोनदा. मग तीनदा. "वाजवा," ती दात-ओठ खात म्हणाली, "वाजवा किती वाजवायची ती!" मग बराच वेळ काही नाही. आणि मग धप्प आवाज आला.

बाबा पलंगावरून खाली पडले होते, दाराकडे तोंड करून. नशीब, हाड मोडलं नाही. पण ती घाबरली, आणि घाबरलेलं माणूस ओरडतं. "काय हा हट्ट! पाय चालत नाहीत ते कळतंय ना? थोडं थांबता येत नव्हतं?" तिने त्यांना कसंबसं उचलून बसवलं, तेव्हा त्यांनी डावा हात वर केला, थेट तिच्या गालापर्यंत. ती चटकन मागे सरली. तिला वाटलं, मारतात आता. तो हात तसाच हवेत राहिला आणि मग खाली गेला.

तिने त्याच संध्याकाळी धाकट्या भावाला फोन लावला. तो दूर राहायचा. "ताई, अशाने तू आधी जाशील," धाकटा म्हणाला. "त्यापेक्षा त्यांना ठेवू या कुठेतरी. नर्स असतात, डॉक्टर असतो. तू काय जन्मभर पुरणार आहेस?" त्याचंही खोटं नव्हतं. गावाबाहेर आजाऱ्यांना सांभाळणारं एक घर होतं. अर्ज भरला, नंबर लागला, शनिवारी सकाळी दहाला गाडी येणार असं ठरलं. तिने बाबांना सांगितलं, खिडकीकडे बघत सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग ते बोट पुन्हा उभं राहिलं आणि कठड्यावर एकदा आपटलं. ती उठून बाहेर आली.

जाण्यापूर्वी त्यांना कोणीतरी भेटावं, म्हणून तिने खालच्या काकांना बोलावलं. खालचे काका म्हणजे खालच्या ठाण्यावरचा माणूस. सव्वीस वर्षं या दोघांनी एका दोराची दोन टोकं सांभाळली. काका गुरुवारी दुपारी आले, छत्री टेकत, दारातूनच बोलत. "कुठाय आमचा वरचा? लोक म्हणतात वरच्याला काळजी, आमच्या वरच्याची काळजी आम्हालाच करावी लागते!" बोलताना त्यांची कवळी खालीवर होत होती.

"बाबांचा आत्ताच डोळा लागलाय, उठतील एवढ्यात," कवळीताई म्हणाली. "तोवर बसा इथे. आणि आधी ती कवळी काढा. बघवत नाही मला."

"तुझ्या हातची नाही गं ही. म्हणून तर नाचते."

तिने त्यांना टेबलाशी बसवलं. कवळी कुठे घासते ते बघितलं, उंचवटा घासून काढला, पुन्हा घालायला दिली आणि मेणाची मऊ पट्टी दातांत धरायला लावली. "घट्ट चावा. आणि बोलायचं नाही." काकांना न बोलायला सांगणं म्हणजे पाण्याला ओलं होऊ नको सांगणं. पण तोंडात मेण होतं, इलाज नव्हता. खोलीत शांतता झाली.

आणि आतून आवाज आला. टिंग.

कवळीताईचे दात गच्च मिटले, चिरलेल्या दाढेतून कळ गेली. ती उठणार, तोच काकांनी टेबलावरची सुरी उचलली आणि तिच्या दांड्याने पाण्याच्या पेल्यावर एकदा टिचकी दिली. किण्. सुरी जागेवर ठेवली आणि मेण चावत छताकडे बघत बसले. डोक्यावर बसलेली माशी हाकलावी, इतक्या सहज.

ती अर्धवट उठलेली तशीच राहिली. दुसरी घंटा येणार म्हणून वाट बघत राहिली. एक मिनिट. दोन. पाच. आत चिडीचूप.

"काका," ती म्हणाली, "हे तुम्ही काय केलंत?"

काकांनी मेण काढलं. "काय केलं?"

"पेल्यावर वाजवलंत."

"वाजवलं का?" काकांनी पेल्याकडे बघितलं आणि हसले. "सवय गं. वरून आली की उत्तर द्यायचं. मला घरी बसून अकरा वर्षं झाली, पण कुठेही एक घंटा ऐकली की माझा हात चाळवतो. देवळात लोक माझ्याकडे बघतात."

"कसलं उत्तर?"

आता मात्र काकांनी तिच्याकडे नीट बघितलं. "तुला बोलला नाही कधी? बरोबर आहे, तो कसला बोलतोय. अगं, डोंगरावर धुकं उतरलं की दोर दिसायचा नाही, डबे दिसायचे नाहीत, माणूस तर लांबच. टेलिफोन होता नावाला. मग दर पाव तासाला वरचा घंटा वाजवणार. एक. म्हणजे, मी आहे, तू आहेस ना? मी खालून एक देणार. म्हणजे, आहे बाबा. संपलं. पुढचा पाव तास दोघं निवांत. लोकांना वाटायचं, काय ही सारखी कटकट. आम्हाला तेवढीच तर सोबत होती."

"आणि उत्तर नाही आलं तर?" ती हळूच परत बसली.

"तर दोन. अरे, आहेस कुठे? तरी नाही, तर तीन. आणि तीनलाही नाही आलं तर दोर थांबवायचा आणि स्वतः चालत खाली यायचं." काकांनी डावा हात टेबलावर ठेवला. त्याला दोन बोटं कमी होती. "एकदा आलाय तुझा बाप. माझा हात चाकात गेला होता, मी बेशुद्ध. अकराशे पायऱ्या, पावसात. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, लागला असेल लेकाचा डोळा. हा आला. आणि आल्यावर पहिलं काय केलं सांगू? गालाला हात लावून बघितला. ऊब आहे का म्हणून."

कवळीताईने हात तोंडावर दाबून धरला.

म्हातारा बोलावत नव्हता. सात महिन्यांत एकदाही त्याने तिला बोलावलं नव्हतं. तो विचारत होता. भावाने विचारलं नव्हतं, शेजारणीने नव्हतं, डॉक्टरीणबाईंनी दाढ बघितली होती तेवढीच. तू बरी आहेस ना, हे या घरात एकच माणूस तासाला चार वेळा विचारत होता, आणि उत्तर आलं नाही की घाबरून पुन्हा विचारत होता. ती धावत आत गेली की तिला डोळे भरून बघायचा, धड आहे ना पोर, आणि मग सुटल्यासारखे डोळे मिटायचा. एक बोट दाखवून शिकवत होता तिला: एकदा वाजव, पुरे आहे, धावत येऊ नकोस. त्या दिवशी तीन झाल्या, दार बंद, उत्तर नाही. तेव्हा दोन पायांपैकी एक मेलेला असताना तो खाली चालत यायला निघाला होता.

आणि आपण त्या हाताखालून मागे सरलो. हे आठवलं आणि तिला हुंदका आवरेना.

"अगं, आधी तो दिवा विझव," काका घाबरून म्हणाले, "मग रड हवं तेवढं. केस पेटतील."

तिने दिवा विझवला आणि तशीच आत गेली. बाबा जागे होते. तिचे डोळे लाल बघून त्यांचा चेहरा कावराबावरा झाला, तोंडातून "बा, बा" सुरू झालं. ती पलंगाच्या कडेला बसली. मग तिने एक बोट उभं केलं आणि कठड्यावर एकदा वाजवलं.

म्हातारा बघत राहिला. तिच्याकडे, मग तिच्यामागे दारात उभ्या राहिलेल्या काकांकडे. त्याच्या चांगल्या बाजूच्या डोळ्यातून पाणी आलं आणि कानापर्यंत गेलं. डावा हात हळूच उठला. या वेळी ती मागे सरली नाही. तिनेच गाल पुढे केला.

"झालं, दोघंही रडा आता," काका म्हणाले आणि खिडकीकडे तोंड करून कवळी चाचपत बसले.

शुक्रवारी तिने धाकट्याला फोन करून सांगितलं की गाडी नको म्हणून कळवलंय. तो भडकला. "ताई, त्या दिवशी फोनवर रडत होतीस आणि आज काय झालं? माणूस तोच ना?"

"माणूस तोच. घंटाही तीच."

तेवढ्यात आत टिंग झालं. "ऐकलंस?" धाकटा म्हणाला. "जा, वाजवतोय. हेच सांगतोय मी."

"जायचं नसतं," ती म्हणाली आणि पेल्यावर टिचकी दिली. मग तिने त्याला सगळं सांगितलं, खालच्या काकांसकट. मग ती म्हणाली, "आणि हे बघ, मी काही देवी नाही. माझी कंबर गेलीये, त्यांना एकटीने उचलणं होत नाही. सकाळच्या वेळी एक बाई हवी, आणि महिन्यातून दोन रविवार तू हवास. यात हयगय चालणार नाही." धाकटा नाक ओढत हो म्हणाला. छातीतली धडधड लगेच थांबली असं कोणी सांगितलं तर खरं मानू नका. सात महिन्यांची सवय ती. टिंग झालं की काळीज अजून उडी मारायचंच. पण उडी मारून आता ते कुठेतरी टेकत होतं.

शनिवारी सकाळी ती टेबलाशी बसली. त्याच मास्तरांची कवळी नव्याने करायची होती. समोरचे सहा दात मेणात उभे केले, सरळ, मास्तर हसतील तर नातूही हसेल असे. साडेनऊची आली, तिने उत्तर दिलं. पावणेदहाची आली, दिलं. मग दाढांमध्ये तिचं मन गुंतलं. मान वर केली तेव्हा दहा वाजून पाच मिनिटं झाली होती.

दहाची आलीच नव्हती.

नसेल ऐकली आपण. पण ऐकली नाही असं कसं होईल? आणि उत्तर गेलं नसतं तर दोन आल्या असत्या. तिने सुरीच्या दांड्याने पेल्यावर एकदा वाजवलं. आत शांत. दोनदा वाजवलं. काही नाही. तीनदा वाजवलं, पेला उलटला, पाणी मास्तरांच्या साच्यावर सांडलं, आणि ती उठून धावली. टेबलापासून पलंगापर्यंत अठरा पावलं. तेवढ्या अठरा पावलांत तिला पुरतं कळलं की वरचा अकराशे पायऱ्या कसा उतरला असेल, आणि पाय चालत नसताना त्याने पलंगावरून खाली पाय का टाकला असेल.

बाबा झोपले होते. तोंड उघडं, वरची कवळी ओठावर आलेली, आणि घोरणं असं की खिडकीचं तावदान थरथरावं. सकाळी दहा वाजता, भर उजेडात, पहारा सोडून म्हातारा गाढ झोपला होता. सात महिन्यांत दिवसाउजेडी त्याचा डोळा लागायचा तो दोन घासांनंतर, तोही पाव तासाच्या आत उघडायचा. आता खालून उत्तर येतं म्हटल्यावर त्याने बिनधास्त ताणून दिली होती.

ती खाली जमिनीवरच बसली, धापा टाकत, हसत, डोळे पुसत. "काय हो बाबा," ती पुटपुटली, "जीव घेतलात ना माझा." मग तिने त्यांची कवळी हलकेच सारखी केली, डावा हात आपल्या हातात घेतला आणि तळव्यावर एका बोटाने एकदा टिचकी दिली.

घोरणं थांबलं नाही. पण झोपेतच त्यांचं बोट हललं आणि तिच्या तळव्यावर एकदा आपटलं.